आयेसाठी तीन पेट्या

काशिनाथने माझी सागवानी पेटी माझ्याच करवतीने, माझ्या डोळ्यांदेखत कापलेली.

आज सकाळी तो गेला. हार्ट अटॅक.

पस्तीस वर्षं मी त्याला त्या पेटीवरून शिव्या घातल्या. आता कुणाला घालू?

मी डोंबिवलीचा सुतार. शोकेस, दिवाण, टीव्हीचं कपाट, हे माझं काम. तो ठाण्याच्या कोळीवाड्यातला. हळदीला, लग्नाला, पूजेला लाउडस्पीकर लावायचा. आयटीआयपासूनची दोस्ती.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. एक दिवस ठाण्याच्या खोपट स्टँडवरून एसटी पकडून आला. गोणपाटात गुंडाळलेले दोन स्पीकर. एक वूफर, जाड आवाजाचा. दुसरा मिडरेंज, म्हणजे मधल्या आवाजाचा. माणसाचा गळा ज्याच्यातून निघतो तो.

दोन्ही प्रोफेशनल. मंडपात वाजवायचे.

"घरात लावायचेत. पेटी कर."

"घरात? येडा झालास काय? कौलं उडतील."

"आयेसाठी रे," म्हणाला.

आये म्हणजे त्याची आई. कानाने पार गेलेली. कानातलं मशीन आणून दिलं तर "चिलटं गुणगुणतान" म्हणून तिने काढून फळीवर ठेवलं. सगळे तिच्याशी ओरडून बोलायचे, आणि ओरडलेलं तिला आणखीच कळायचं नाही. शेवटी तिने बोलणंच सोडलं.

त्याच्या वर्षभर आधी वडील वारले. जाताना तिच्यासाठी एक वाक्य बोलून गेले. ती उशाशीच बसलेली. तिला काही म्हणजे काही कळलं नाही.

"मग लिहून दाखव," मी म्हणालो.

"वाचता कुठे येतं तिला? आणि ते ओरडून सांगू? गल्लीभर ऐकू जाईल. मला हळू सांगायचंय. माइकवर. पण शब्दन् शब्द समजला पाहिजे."

मी रंधा उचलला.

पहिली पेटी सागवानाची. कमरेएवढी उंच. खाली वूफर, वर मिडरेंज, आत सगळं मोकळं. मोठी पेटी, मोठा आवाज, एवढंच मला ठाऊक. पॉलिश असं केलं की तोंड बघावं.

काशिनाथ बाहेरून माइकवर बोलला. आयेने तोंड वाकडं केलं आणि हातानेच घागर दाखवली. कुणीतरी घागरीत बोलतंय म्हणे.

मग त्याने भजनाची कॅसेट लावली आणि मला मिडरेंजच्या कागदाला, म्हणजे हलणाऱ्या पडद्याला, बोट लावायला सांगितलं. तबल्यावर थाप पडली की गाणाऱ्या बुवांच्या आवाजाचा हा कागदसुद्धा दणकन हलत होता. खालचा वूफर आतली हवा ढकलतो, ती वरच्याला धडकते.

"याला वेगळी खोली पाहिजे. लहान," असं म्हणून त्याने करवत घेतली. मी "अरे अरे" करेपर्यंत अर्धी पेटी आडवी.

दुसरी पेटी मी फुगूनच केली. मिडरेंजला वेगळा खण. आयेने ऐकलं आणि मान हलवली. नाही.

काशिनाथने पेटी फिरवली. मागे रुपयाएवढं भोक.

"हे कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? पेटीला श्वास लागतो. माझा बाप पाडायचा, मी पाडतो."

"अरे बाबा, धान्याची कोठी नाय ही! मागचा आवाज त्या भोकातून बाहेर पडतो आणि पुढच्यात कालवतो. म्हणून शब्द सुटे ऐकू येत नाहीत."

"मग तूच कर तुझी पेटी!" असं म्हणून मी निघून आलो. आठ दिवस बोललो नाही.

नवव्या दिवशी हा परत वर्कशॉपच्या दारात. हातात तोच मिडरेंज.

"शेवटची कर. मग हवं तर तोंड बघू नकोस."

मग मात्र मीही इरेला पेटलो. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याएवढीच पेटी. जाड प्लाय. मंडपातल्या स्पीकरचा कागद मुळात ताठ, त्याला मागे एवढीच हवा पुरते, पण ती कोंडलेली पाहिजे. सांधे सरस आणि भुशाने भरले. वायरचं भोक लांबी, म्हणजे पुट्टी, लावून बंद. आत जुन्या गादीचा कापूस. वूफर कायमचा गोणपाटात, नुसत्या बोलण्याला त्याची गरजच नव्हती.

पेटी आयेच्या कानाच्या उंचीला, फळीवर ठेवली. काशिनाथ माइक घेऊन बाहेर ओट्यावर गेला, नाहीतर स्पीकर शिट्ट्या मारतो. मी आयेजवळ बसलो.

"आये."

म्हातारीने मान वर केली.

"आये, मी काशिनाथ. ऐकू येतंय का गो?"

इतका हळू बोलत होता तो. वर्षानुवर्षं त्या घरात कुणी इतकं हळू बोललं नव्हतं.

तिने माझा हात घट्ट पकडला. मान डोलावली. मी खिडकीतून ओरडलो, "बोल! बोल, समजतंय तिला!"

मग आवाज आला, थोडा फाटलेला.

"आये, बाबा जाताना बोललेला. 'हिला एकटी जेवू देऊ नका.'"

नवरा गेल्यापासून ती ताट घेऊन कोपऱ्यात एकटीच जेवायची. खुणेने बोलावलं तरी उठायची नाही, म्हणून सगळ्यांना वाटे, तिलाच तसं हवंय.

तिने पदर तोंडाला लावला. किती वेळ रडली सांगता येत नाही. मीही रडलो, लाज कसली.

मग दाराकडे तोंड करून म्हणाली,

"मंग बाहेर कनाला उबा? आत ये. जेवाला बस."

त्या घरात पुन्हा तिचं ताट कधी वेगळं मांडलं गेलं नाही. ती जाईपर्यंत.

काशिनाथ, तुझ्या हट्टाला माझा शेवटचा रामराम. जा, आये-बाबा दोघं जेवायला थांबली असतील.