पाहुण्यांच्या गाडीखालचा डाग

अहमदपूरच्या एसटी स्टँडामागे सिद्रामप्पांचं गॅरेज आहे. गाडी दारात यायच्या आधीच नुसत्या आवाजावरून ते तिचं दुखणं ओळखतात. तिथंवर ठीक आहे, पण त्यांना मालकाचंही दुखणं सांगायची खोड आहे. या तोंडापायी त्यांच्या शिवानीच्या दोन सोयरिकी मोडल्या. भोकरच्या पाहुण्यांना चहा द्यायच्या आत त्यांनी सुनावलं, "तुमच्या इंजिनाचं पार बोळकं झालंय, आता त्याला गोड बोलूनच चालवा." लातूरचा मुलगा अंगणात गाडी लावत होता, तर क्लचचा आवाज ऐकून त्यांनी सगळ्यांदेखत निदान केलं, की पोराला धीर न्हाई. पोराच्या आईने हातातली वाटी जी खाली ठेवली, ती पुन्हा उचललीच नाही.

म्हणून उदगीरचे पाहुणे यायच्या दिवशी रत्नम्मांनी नवऱ्याला सकाळीच देवघरापुढे उभं केलं.

"विभूती लावा आन् शपथ घ्या. गाडी, इंजिन, तेल, यातलं एकबी अक्षर तोंडातनं निघायचं न्हाई. ह्या वक्ताला तुमच्या जिभेनं मोडलं, तर म्या चालले माहेरी निलंग्याला."

निलंग्याची सिद्रामप्पांना भीती नव्हती. मागे एकदा रत्नम्मा गेल्या होत्या आणि नवरा जेवला की नाही या काळजीने दोन दिवसांत परतल्या होत्या. पण शिवानी या मुलाशी फोनवर बोलली होती, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ उगाच हसत होती. ते हसू बापाने पाहिलं होतं. ते आपल्या तोंडाने पुसलं जावं, हे त्यांना सोसणारं नव्हतं. त्यांनी शपथ घेतली.

दुपारी पाहुणे आले. मुलाचे वडील बसवंतप्पा, उदगीरचे किराणा दुकानदार, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत गाडीवर मागे बसलेले. पुढे मुलगा वीरेश, लातूरच्या डाळ मिलमध्ये हिशेब बघणारा. शरणु शरणार्थी म्हणत नमस्कार झाले, मंडळी आत बसली. गाडी उभी राहिली ती नेमकी रांगोळीच्या कडेला.

सिद्रामप्पांची जागा दारासमोर होती. रत्नम्मांची एवढी एक चूक झाली. पाहुणे पावसापाण्याचं बोलत होते आणि यांना इंजिनाखाली एक काळा थेंब पडताना दिसला. मग दुसरा. बघता बघता रांगोळीतल्या कमळाची एक पाकळी काळी झाली.

आता आली का पंचाईत! मुलीच्या बापाने वरपक्षाची खोट काढायची नसते, हा आपल्याकडचा कायदा, आणि तो वरपक्षाच्या गाडीलाही लागू होतो. शिवाय शपथ. पण गप्प बसावं, तर सगळं तेल गळून शिरूर ताजबंदच्या अलीकडेच इंजिन जाम होणार. मुलगी बघून निघालो आणि वाटेत गाडी बसली, असा अपशकुन पोटात घालणारा सासरा अजून जन्माला यायचा होता. बोलावं तरी सोयरीक मोडते, न बोलावं तरी मोडते.

इकडे रत्नम्मांचा आग्रह ऐन भरात होता. बसवंतप्पांच्या ताटलीतला चुरमुऱ्यांचा सुशीला संपायच्या आत पुन्हा भरत होता. "घ्या की आण्णा, येवढासाच तर हाय."

"हात धुऊन येतो," म्हणत सिद्रामप्पा उठले. शपथ न बोलायची होती, न बघायची नव्हती, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. जाता जाता फळीवरचा शिवानीचा पावडरचा डबा आणि एक फडकं उचललं, आणि मागच्या दाराने अंगण गाठलं.

तेल जिथं दिसतं तिथं ते गळत नसतं, हे त्यांचं आवडतं वाक्य. ते वरून कुठून तरी निघतं, वाऱ्याने मागे पसरतं आणि भलत्याच जागेवर आळ आणतं. म्हणून आधी सगळं इंजिन पुसायचं, वर पावडर मारायची, इंजिन चालू ठेवायचं आणि वाट बघायची. जिथली पावडर भिजेल तिथं चोर. त्यांनी पुसलं, पावडर फासली, आणि किल्ली गाडीलाच होती म्हणून किकही मारली.

व्हायचं तेच झालं. आवाजासरशी सगळं घर बाहेर आलं. व्याही व्हायचा माणूस जमिनीवर उताणा, गाडी पांढरीफटक, अंगणभर वास.

"पाव्हणे," बसवंतप्पा म्हणाले, "माझ्या गाडीला विभूती फासून राहिलात का?"

सिद्रामप्पांनी बायकोकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. नुसतं बोट रांगोळीकडे दाखवलं.

"मुके झाले का हो? माझी गाडी गळत न्हाई! तेल म्या सोता मापानं टाकतो!"

रत्नम्मांनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात चहाचा ट्रे घेतलेली शिवानी पुढे आली आणि वाकून इंजिन बघायला लागली.

"आप्पांनी न बोलायची शपथ घेतलीय, म्हणून मी सांगते," ती म्हणाली. "वर हेडपाशी पावडर कोरडी हाय, खाली बोल्टपाशीबी कोरडीच. नुसत्या ह्या नळीतनं तेल येऊन राहिलंय, इंजिनाचा श्वास जिथनं सुटतो तिथनं. म्हंजे फुटलं काहीच न्हाई. कुणीतरी तेल जास्त भरलंय."

सिद्रामप्पांनी इंजिन बंद केलं, जरा दम धरला आणि तेल मोजायची कांडी काढून दाखवली. खुणेच्या कितीतरी वर ती ओली होती.

"कोण भरंल? माझ्याबिगर कोण हात लावतो?" बसवंतप्पांचा आवाज चढला.

वीरेश गप्प राहिला असता तर कुणाला कळलं नसतं. उदगीरच्या एखाद्या मेकॅनिकवर सहज ढकलता आलं असतं.

"आण्णा, म्या टाकलं. सकाळी. अख्खा डबा," तो म्हणाला.

"कामून?"

"वाटेत गाडी बसू ने म्हणून." त्याने मान खाली घातली. "माझंच चुकलं. वाटलं, थोडं जास्त आसलं तर काय बिघडतंय."

शिवानीच्या हातातले कप किणकिणायला लागले. ती हसू दाबत होती आणि ते दाबलं जात नव्हतं. बसवंतप्पांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा रत्नम्मांकडे, आणि स्वतःच्या पोटावर हात ठेवला.

"इंजिनाची तरी काय चूक हो? तुमचा सुशीला खाऊन माझीबी तीच गत झालीय. अजून एक चमचा वाढला आसता तर..." पुढचं त्यांना हसण्यामुळे सांगता आलं नाही.

मग सिद्रामप्पांनी जुन्या टोपात जास्तीचं तेल काढलं. वीरेश इस्त्रीची बाही वर सारून शेजारी बसला आणि त्याने टोप धरला.

"सिद्रामप्पा," बसवंतप्पा म्हणाले, "आमचा पोरगा हा आसा हाय. जास्तीचं टाकणारा. पसंत आसंल तर सांगा. बोला आता."

सिद्रामप्पांनी वर पाहिलं. "बोलू का?"

"बोला की आता!" रत्नम्मा म्हणाल्या.

पण त्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. वीरेशचे हात तेलाने माखले होते, आणि शिवानी त्याच्यापुढे फडकं धरून उभी होती. लहानपणापासून ते फडकं ती बापालाच देत आली होती. सिद्रामप्पांनी तोंड उघडलं, दोनदा उघडलं. शेवटी त्यांनी नुसतीच होकाराची मान हलवली, आणि आपले हात धोतराला पुसले.