अंबू म्हणजेच शालू

पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे म्हसवडजवळच्या आमच्या वाडीत कुणाला सांगावं लागत न्हाई. पण शालूबाईची उत्कर्षा नर्स होऊन इंग्लंडात राहिलेली, आणि डॉक्टर तिला विमानात बसू देईना. शालूबाई म्हणाली, "ती यीना, तर माहेर तिकडं जाईल." डिंक, अळीव बांधलं आणि व्हिसाला अर्ज टाकला.

आला नकार. लेकीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव अंबूबाई, आणि हिच्या पासपोर्टवर शालूबाई. ही बाई त्या पोरीची आई हाय, हे व्हिसाच्या साहेबाला पटंना.

आता अंबू आणि शालू एकच. लग्नात नवऱ्यानं, हंबीररावांनी, ताटातल्या तांदळात अंगठीनं 'शालू' लिहिलं, तवापासनं ती सासरी शालू. पण उत्कर्षा जन्मली आजोळी, जतकडं. जन्माची नोंद करताना शालूबाईच्या वडलांच्या तोंडातनं सवयीचंच नाव गेलं, अंबू.

"जाऊ दे की," फौजेतनं रिटायर झालेले हंबीरराव म्हणाले. "तिकडं दवाखाने लय चांगले हायती."

"आवं, तांदळात अंगठी तुमी फिरवली. आता निस्तरायला चला."

सांगलीतला एजंट गोड बोलला. "मावशी, नवा दाखलाच काढून देतो. अंबूबाई गायब!"

"जन्मले मी अंबू म्हणून. तिला गायब करणारा तू कोण रं?" पिशवी उचलून शालूबाई जिना उतरली.

मग कुणीतरी साताऱ्यातल्या क्रांती वकीलबाईंचं नाव सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "खोटं काही करायचं नाही, मावशी. साहेबाला आपली रीत ठाऊक नाही, ती लिहून सांगायची. माहेरचं माणूस आणा, प्रतिज्ञापत्र करू."

भाऊ आकाराम मेंढरं शेजाऱ्याच्या हवाली करून जतहून आला. वकीलबाईंनी विचारलं, "शालूबाईंना कधीपासून ओळखता?"

"कोण शालूबाई? मी न्हाई वळखत."

हंबीररावांनी कपाळ धरलं. शालूबाई कडाडली, "आक्या, मी रं!"

"तू तर अंबू. शालू दाजींनी ठेवलं, मी कशापायी म्हणू?"

वकीलबाई हसू दाबत लिहायला लागल्या. "मामा, आत्ता बोललात ना, अगदी तसंच लिहिते."

आकारामचं ते बोलणं, हंबीररावांचा तांदळाचा जबाब आणि लग्नातला त्या ताटाचा फोटो घेऊन अर्ज पुन्हा गेला. ह्या खेपेला व्हिसा आला. तोवर उत्कर्षा बाळंत झाली होती, पोरगी झाली. "बाळंतपण हुकलं, पण कंबर शेकायची राहिलीय की," म्हणत शालूबाईनं बॅग भरली.

निघताना उत्कर्षाचा फोन आला. "आये, बारसं तुझ्यासाठी थांबवलंय. नाव काय ठेवू?"

"तुला आवडंल ते ठेव. पण तिच्या लग्नात कुणी बदलायला आला, तर तांदळाच्या ताटासकट हाकल."

मागं हंबीरराव खाकरले.

"खाकरताय काय? बॅग उचला, एसटी लागलीय."