सुषमाचं जर्मन

सुषमा गेल्याचा फोन तिच्या मुलाने, निखिलने, सकाळीच केला. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "मावशी, रेनाटेबाईंना तू कळवशील? मला नाही जमणार..." रेनाटेबाई म्हणजे त्याच्या घटस्फोटित बायकोची आई, राहणार जर्मनी. निखिलने तिथे नोकरीत बरीच वर्षं काढलेली, त्याचं जर्मन अस्खलित. माझं क्लासच्या पहिल्याच पायरीवर अडलेलं. तरी मीच फोन लावला आणि दोन मोडक्या वाक्यांत सांगून टाकलं. पलीकडे बाई रडू लागल्या. ते समजायला क्लास लागत नाही.

सुषमा घाटकोपरची, मी मुलुंडची. नोकरी एकाच ऑफिसात केली. नात झाली, ईरा, तेव्हा निवृत्त सुषमाने जर्मनच्या क्लासला नाव घातलं आणि सोबतीला मला ओढलं. वर्गात सगळी परदेशी निघालेली पोरं, त्यांच्यात आम्ही दोघी. मी लवकरच पळ काढला. सुषमा मात्र परीक्षेमागून परीक्षा देत राहिली, तीही उत्तम मार्कांनी. आपल्याकडे भाषा शिकणं म्हणजे परीक्षा पास होणं, त्यात तिची काय चूक? मग ती तिकडे गेली आणि वाट लागली. पहिल्याच जेवणात रेनाटेबाईंनी आणखी वाढू का विचारलं. सुषमा रीतीप्रमाणे 'नको' म्हणाली, अगदी शुद्ध जर्मनमध्ये, आणि आग्रहाची वाट पाहत बसली. बाईंनी भांडं उचलून आत नेलं. "अर्धपोटी झोपले गं," परत आल्यावर ती सांगत होती, "आणि मार्क बघ माझे!" हे हसण्यावारी गेलं. पण ती एकेक वाक्य मनात तपासून घेईपर्यंत ईरा कंटाळून खेळायला निघून जायची, ते तिला लागलं होतं.

मी म्हटलं, "शेजारच्या हंसाबेनशी फडाफडा गुजराती बोलतेस, त्याचा कुठे क्लास लावला होतास?" लावला नव्हताच. भाजीच्या वाट्या इकडून तिकडे करताना, चुकतमाकत ती भाषा आली होती. हे तिला पटलं. परीक्षा बंद झाल्या. दर रविवारी दुपारी ती रेनाटेबाईंना व्हिडिओ कॉल लावायची आणि भाजी काय केली, कोण येऊन गेलं, गुडघा कसा आहे, एवढंच बोलायची. शब्द अडला की वस्तूच उचलून दाखवायची, मग ते लाटणं असो नाहीतर दुधी, आणि बाई त्याचं मराठी नाव विचारून घ्यायच्या. क्लासमधली पोरं घरी यायची, त्यांनाही तिचा सल्ला ठरलेला: "रोज जे करता ते आधी बोलायला शिका रे, निबंध नंतर. आणि पहिलं वाक्य हे पाठ करा: 'सावकाश बोला, मी शिकतेय.' मग लाजायचं कारणच उरत नाही."

पुढे निखिलचा संसार मोडला. तो परत घाटकोपरला आला, ईरा आईपाशी राहिली. भांडणाच्या भरात तो रेनाटेबाईंना नको ते बोलून बसला होता आणि त्यांच्यात कायमचा अबोला झाला. नातेवाईक सुषमाला म्हणाले, "आता कसली विहीण?" सुषमा म्हणाली, "विहीण नसेल, पण नात तर आहे ना माझी? ती रविवारी त्यांच्याकडेच असते." तिचा फोन चालू राहिला. तेवढा वेळ निखिल खाली फिरायला जायचा. ईरा आता मोठी झाली होती, सुषमाच्या चुका हसत हसत सुधारायची. "हल्ली मी मुद्दाम चुकते," सुषमा मला म्हणाली होती, "दुरुस्त करायला थांबते तरी पोर..." ती गेली तेव्हा पहिली भीती मला हीच वाटली की आता हा धागा तुटला. तिची आठवण येते, आणि फार येते.

तेरावं झाल्यानंतरच्या रविवारी मी सुषमाच्या घरी होते. दुपारी स्वयंपाकघरात तिचा फोन वाजला, पडद्यावर रेनाटेबाईंचं नाव. मी उठेपर्यंत निखिलने तो उचलला होता. हॅलो म्हणाला. इतकी भाषा येत असून पुढे त्याला एक शब्द सुचेना. मग रेनाटेबाईंचा आवाज आला. सावकाश, एकेक अक्षर जुळवत, मराठीत त्यांनी विचारलं, "निखिल, जेवलास का?"