लेनी सप्टेंबर आणि द्रुएक्लूफच्या सात कबरी

लेनी सप्टेंबरच्या सहलीला तुम्ही कधी आला असाल, तर तिने तुम्हाला एकदा तरी झापलेलं असणार. वाईट वाटून घेऊ नका. मी अकरा वर्षं तिच्या शेजारी बसून गाडी चालवली, मला तर रोज झापायची. मी इझाक कारल्से, ड्रायव्हर. सकाळी साडेसहाला केप टाउनहून निघायचं, आफ्रिकेच्या अगदी खालच्या टोकाला, अगुल्हासला जायचं, येताना बोट रिव्हर गावाकडच्या एका मळ्यावर पाहुण्यांना वाइन चाखवायची आणि दिवेलागणीला घरी. माझं काम स्टिअरिंग धरायचं आणि तोंड बंद ठेवायचं. तिचं काम बोलायचं. दोघंही आपापल्या कामात पटाईत.

सप्टेंबर हे तिचं आडनाव. तिच्या पणजोबाच्या पणजोबाला जहाजातून उतरवून ज्या महिन्यात विकलं, तो महिना त्याला चिकटला, तो आजतागायत. कुणी पाहुणी म्हणाली, "अय्या, किती गोड आडनाव!" की लेनी म्हणायची, "हो ना बाई. पावती आहे ती." पाहुणी खिडकीबाहेर बघायला लागायची. मी आरशात बघून गालातल्या गालात हसायचो.

अगुल्हासला काय आहे? काही नाही. काळे खडक, वारा आणि दोन महासागर इथे भेटतात असं सांगणारी एक पाटी. लोकांना वाटतं काहीतरी भव्य असेल, उंच कडा वगैरे. त्या दिवशी हॉलंडचा एक म्हातारा होता, खेरिट नावाचा. तो पाटीकडे बघून म्हणाला, "एवढंच?"

"मग काय कठडा बांधून हवा होता?" लेनी म्हणाली. "या इकडे. सगळे या. फोटो झाले ना समुद्राचे? आता समुद्राकडे पाठ करा. करा म्हणते ना! हां. आता तुमच्या समोर अख्खी आफ्रिका आहे. इथवर येतात आणि तिच्याकडेच पाठ करून उभे राहतात, काय म्हणावं तुम्हाला."

नऊच्या नऊ पाहुणे शाळेतल्या पोरांसारखे वळून उभे राहिले. म्हातारा खेरिटसुद्धा.

हे सगळं तिला कुणी शिकवलं नाही. ती आणि मी एकाच मळ्यावर जन्मलो, द्रुएक्लूफवर, त्याच मळ्यावर जिथे आता आम्ही पाहुणे घेऊन जातो. आमच्या लहानपणी तिथे मजुरीचा एक भाग वाइनमध्ये मिळायचा. पहाटे एक टमरेल, न्याहारीला एक, असं दिवसातून पाच वेळा. तेल घातलेला पंप फिरावा तसा माणूस राबत राहायचा. लेनीचा बाप आब्राम बारा वर्षांचा असताना टमरेलाच्या त्या रांगेत उभा राहिला आणि बेचाळिसाव्या वर्षी मेला. लेनी पंधराव्या वर्षी मळा सोडून शहरात गेली, लोकांची घरं पुसली, मालकिणीच्या मुलांच्या पुस्तकांतून इंग्रजी वाचायला शिकली आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी परीक्षा देऊन छातीवर गाइडचा बिल्ला लावला. दारूचा थेंब कधी घेतला नाही. पाहुणे ग्लास फिरवून "यात बेरीचा वास येतो, यात लाकडाचा" म्हणायला लागले की ती म्हणायची, "मला यात आमच्या घराचा वास येतो." आणि टमरेलाची गोष्ट सांगायची.

तीच गोष्ट तिला भोवली. मळा नव्या मालकाने घेतला, वर एक तरुण मॅनेजर बसवला, रूलोफ. त्याने आमच्या ऑफिसात तक्रार केली, की पाहुणे उदास होतात. आमच्या सहल कंपनीच्या मॅडमनी लेनीला बोलावून सांगितलं, द्राक्षांबद्दल बोल, हवेबद्दल बोल, टमरेल नको. आणखी एक तक्रार आली तर बिल्ला इथे टेबलावर ठेवायचा.

"बरं," लेनी म्हणाली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "बिल्ला माझ्या परीक्षेचा आहे. तिच्या टेबलाचा नाही."

खेरिट आला तो दिवस गुड फ्रायडेनंतरच्या शनिवारचा. आमच्याकडे त्या दिवशी कबरी साफ करतात. तण काढायचं, चुना द्यायचा, आणि वर पांढरे शंख-शिंपले मांडायचे. दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, सूर्य उगवताना गाव बँड घेऊन मेलेल्यांना उठवायला जातं, तेव्हा त्यांचं अंथरूण स्वच्छ हवं. द्रुएक्लूफ समुद्रापासून लांब. मळ्याची लॉरी वर्षातून एकदा, नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी, सगळ्यांना समुद्रावर न्यायची. आम्ही पोरं दिवसभर पाण्यात, आणि निघताना प्रत्येकाने आपापल्या मेलेल्या माणसासाठी एक तरी मोठा शंख आणायचाच. म्हणजे मळ्याच्या टेकडीवरच्या कबरींवर जेवढे शंख, तेवढ्या आमच्या समुद्राच्या सफरी. दगड कुणाकडे होते? नावं कुणी कोरली असती? शंख हीच खूण.

नवा मालक आल्यापासून टेकडीच्या वाटेला कुलूप होतं. लेनीने चारदा किल्ली मागितली, चारदा "सुट्टीनंतर बघू." म्हणून त्या शनिवारी तिने अगुल्हासजवळच्या स्ट्रेसबाई गावातल्या एका कोळणीच्या दारातून अलिक्रुकेलचे, म्हणजे मोठ्या समुद्री गोगलगाईचे, मुठीएवढे शंख पोतंभर घेतले. कोळणीने त्यातलं मांस खाऊन ते अंगणात टाकलेलेच होते.

"किल्ली नाही दिली तर?" मी विचारलं.

"कुंपण केवढं आहे? कमरेएवढं. मी साठीची असले तरी कंबर अजून माझीच आहे."

"आणि बिल्ला?"

"इझाक, तू गाडी चालव."

मी गाडी चालवली. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. द्रुएक्लूफला पोचलो की मी गाडी शेडमागे लावायचो आणि सीट मागे टाकून झोपायचो. अकरा वर्षांत एकदाही खाली उतरलो नाही. त्या टेकडीवर माझी आईपण आहे. एकोणीस वर्षांचा होतो, तिची कबर मीच खणली, मळ्यावरच्या बहुतेक कबरी तेव्हा मीच खणायचो. आणि पुरायच्या वेळी मी इतका प्यालो होतो, की दोर माझ्या हातून सुटला. पेटी डोक्याकडून खाली गेली. तो आवाज मला अजून येतो. लाज वाटते हो. दारू सुटून पंचवीस वर्षं झाली, लाज सुटली नाही.

तर आम्ही पोचलो. रूलोफ हसत पुढे आला. पोरगा वाईट नाही, इस्त्रीचा शर्ट, नम्र बोलणं. "या, या! नवा ओटा बघा. आणि ही नवी वाट, समुद्राची आठवण म्हणून मुद्दाम केलीय." गाडीपासून ओट्यापर्यंत शंख-शिंपल्यांची पांढरी शुभ्र वाट. पाहुणे कौतुक करत निघाले. पायाखाली करकर, करकर.

लेनी दोन पावलं गेली आणि थांबली. वाकली. शंखांमधून तिने बशीचा एक तुकडा उचलला, निळ्या फुलांचा.

"थांबा!" ती ओरडली. "जागचं हलू नका कुणी!"

मी काच खाली केली. "ही माझ्या आईची बशी. मी नऊ वर्षांची असताना आईने ती बाबांच्या उशाशी रोवली होती. हे शंख उलटे करून बघा, आत चुना दिसेल. दरवर्षीचा चुना. तुम्ही माझ्या बापाच्या अंथरुणावर चालताय."

पाहुण्यांना पाय कुठे ठेवावा ते कळेना. कुणी गवतावर उडी मारली. एक जोडपं "आम्ही आत बसतो" म्हणून सरळ ओट्यावर गेलं, त्यांनी पैसे वाइनचे भरले होते. खेरिट म्हाताऱ्याने बूट काढून हातात घेतले.

रूलोफचा चेहरा उतरला. "आंटी, खरंच सांगतो, बाहेरच्या मजुरांच्या टोळीने काम केलं. त्यांना वाटलं टेकडीवर शंखांचा नुसता ढीग आहे. पण कबरी म्हणाल तर नकाशावर तिथे काही नाही. मंगळवारी मशीन येतंय, त्या उतारावर नवे वेल लावायचेत."

"आंटी म्हणू नकोस. आंटी म्हणून वर नांगर फिरवतोस काय? मेलेल्या माणसाला भेटायला कायद्याने कुणी अडवू शकत नाही. काढ कुलूप."

त्याने कुलूप काढलं. मला वाटतं, तिच्या आवाजानेच ते निघालं असतं.

गाडीतून टेकडी मला समोरच दिसत होती, वर गुडघाभर गवत. रूलोफ म्हणाला, "दाखवा. कुठे आहेत?"

लेनी जंगली ऑलिव्हच्या झाडाशी गेली. "बाबा इथे." मग दोन पावलं चालली, परत आली. "इथे शेजारी... नाही, इकडे." शंख नाहीत, उंचवटा नाही, नुसतं गवत. ती पुन्हा झाडाशी आली, पुन्हा पावलं मोजायला लागली. मग कुंपणाबाहेर गाडीकडे बघत उभी राहिली. हाक मारली नाही. मला ठाऊक आहे का मारली नाही. तिला माझी लाज माहीत होती, आणि एवढी तोंडाळ बाई, त्यावरून तिने मला कधी एका शब्दाने डिवचलं नव्हतं.

मी उतरलो. मागून चाक बदलायची लोखंडी पहार घेतली आणि वर चढलो.

"इथली जमीन थराथराच्या कठीण खडकाची," मी रूलोफला म्हणालो. "पहार वितीपेक्षा खोल जात नाही. पण एकदा खणलेली जमीन पुन्हा तशी घट्ट होत नाही. कितीही वर्षं जाऊ देत. हे बघा."

झाडापासून पूर्वेला तीन पावलं. टण्. आणखी अर्धं पाऊल. पहार हातभर आत गेली. "आब्राम सप्टेंबर." चार पावलं. "म्हातारी सिना." मग "सिनाचा धाकटा." प्रत्येक वेळी रूलोफने स्वतः पहार दाबून बघितली. सहावीच्या पुढे मी थांबलो.

"सातवी?" त्याने विचारलं.

"ती माझी आहे," मी म्हणालो, आणि पहार मारायची गरज नव्हती. जागेवर जाऊन उभा राहिलो.

मग सगळे खाली गेलो, वाटेवरचे शंख टोपल्यांतून, टोप्यांतून, द्राक्षांच्या क्रेटमधून वर आणले. सात पाहुणे राबले. खेरिट दर खेपेला धापा टाकत म्हणायचा, "एवढंच? अजून आणा!" लेनीने त्याला झापलं, "बसा जरा, आठवी कबर नकोय मला." पोतंभर नवे शंखही वर मांडले. बशीचा तुकडा आब्रामच्या उशाशी.

तोवर ऑफिसचा फोन आला, तक्रार पोचली होती. लेनीने ऐकून घेतलं, बिल्ला काढून खिशात ठेवला. टेबलावर नाही, खिशात. मग मला म्हणाली, "तू पाहुणे पोचव. मी इथेच बसते. मंगळवारी मशीन येईल तेव्हा कुणीतरी हवं."

"आंटी, तुम्ही किती दिवस बसणार?" रूलोफ काकुळतीला आला.

"माझा बाप एक्कावन्न वर्षं इथे आहे. तू जुलैत आलास. तू किती दिवस राहणार ते सांग."

मी पाहुणे पोचवले आणि रविवारी उजाडायच्या आत परत आलो. बघतो तर लेनी एकटी नव्हती. मजुरांच्या घरातल्या बायका घोंगड्या, कॉफीच्या किटल्या घेऊन बसल्या होत्या, आणि जवळच्या चर्च-मिशनच्या गावातून सहा जणांचा बँड आला होता. मशीन चालवणारा पोरगाच त्यात ट्रॉम्बोन वाजवत होता. मला म्हणाला, "काका, मंगळवारी माझी तब्येत ठीक नाही." सूर्य आला, कबरी पांढऱ्याफेक झाल्या, आणि पितळ असं वाजलं की खालच्या बंगल्याच्या खिडक्या एकेक करून उघडल्या.

रूलोफ वर आला तेव्हा त्याच्या हातात गुंडाळलेला नकाशा होता. रात्री मालकाशी बोलला असावा, डोळे लाल होते. त्याने नकाशा क्रेटवर पसरला, सात ठिकाणी फुल्या मारल्या आणि म्हणाला, "नावं सांगा, मी लिहितो."

"तू लिहू नकोस," लेनी म्हणाली. "आमची नावं आजवर दुसऱ्यांनीच लिहिली." तिने पेन घेतलं आणि सावकाश, शाळेतल्यासारखी जीभ बाहेर काढून, सहा नावं लिहिली. सातव्या फुलीशी थांबली आणि पेन माझ्यापुढे केलं.

मी पेन हातात घेतलं. दोर सुटलेला तोच हात. लेनीने मनगट धरलं नाही, धीर दिला नाही, नुसती म्हणाली, "आटप की रे, कॉफी गार होतेय."

मी लिहिलं. राखेल कारल्से.