अळ्यांचा हीटर

"मंग?"

हनुवटी थोडी वर, डावी भुवई त्याहून थोडी वर, आणि हा एकच शब्द. मावशींशी वाद घालायला गेलेला माणूस इथेच संपायचा. तुम्ही चार कारणं द्या, पाच द्या, परिपत्रक वाचून दाखवा. त्या सगळं शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "मंग?" तेवढ्यानं आपलीच कारणं आपल्याला पोकळ वाटायला लागत. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. नसेल तर तुमचं आयुष्य सुखात गेलं असणार, पण जरा अळणी.

मी मूळचा कोकणातला. नोकरीची ऑर्डर आली तेव्हा डोंगरकडा हे नाव नकाशात शोधावं लागलं. त्याच बाजूच्या एका गावात शाळेवर रुजू झालो आणि मावशींच्या घराला लागून असलेली त्यांचीच एक खोली भाड्यानं घेतली. इकडच्या उन्हाळ्याबद्दल मला सगळ्यांनी घाबरवून ठेवलं होतं, पण थंडीबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. डिसेंबरात पत्र्याखाली दात वाजायला लागले तेव्हा हिंगोलीला जाऊन दोन दांड्यांचा एक हीटर घेऊन आलो. येताना जीपमध्ये तो मांडीवर धरून बसलो होतो. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "रेडू हाय का?" म्हटलं, खोली गरम करायचं यंत्र आहे. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि काळजीनं म्हणाला, "आजारी हाव का?"

तीन दिवस मी ते सुख भोगलं. चौथ्या दिवशी शाळेतून येऊन पाय शेकत बसलो होतो, तर मावशी दार ढकलून आत आल्या. काखेत गोधडी. त्यांनी हीटरपुढे हात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. भाकरी टाकायच्या आधी तव्याचा अंदाज घ्यावा तसं. मग गोधडी माझ्या खाटेवर टाकली.

"सर, ही घ्या. चांगली जाड हाय. अन् हीटर मला द्या."

"अहो मावशी, मी तो माझ्यासाठी आणलाय."

"मंग?"

"मला थंडी वाजते."

"तुमाला वाजती तर तुमी गोधडी घ्या. अळीला गोधडी पांघरता येती का?"

यावर कोकणात काय उत्तर देतात ते मला आजही ठाऊक नाही. हीटर गेला.

मावशींनी त्या वर्षी आपल्या वाटच्या एकरभर रानात तुती लावली होती. नवरा चार वर्षांपूर्वी वारलेला, मूलबाळ नाही. घराच्या मागच्या अंगाला विटांची एक लांबट खोली होती. तिथं बांबूचे मजले बांधून त्यांवर त्या रेशमाच्या अळ्या वाढवत होत्या. हे पीक मोठं नाजूक. अळीला पंचवीस अंशांच्या आसपास ऊब लागते. गारठा पडला की ती खाणं सोडते, सुस्तावते, आणि मग तिच्याकडून कोष होत नाही. मावशी तालुक्याला जाऊन आठ दिवसांचं शिक्षण घेऊन आल्या होत्या आणि भिंतीवर एक थर्मामीटर टांगला होता. त्याच्याकडे त्या अशा बघत की पारा आपणहून वर चढला असता.

गावाला हसायला नवीन विषय मिळाला. तुम्हीच बघा, अख्खं गाव अळीच्या जिवावर उठलेलं. तुरीवर अळी, हरभऱ्यावर अळी, कापसावर अळी. सकाळी उठून पाठीवर पंप बांधायचा तो अळी मारायला. आणि इथं एक बाई अळीपुढे हीटर लावून बसलेली. पारावरून कुणीतरी हटकून ओरडायचं, "मावशे, अळ्यायला सेटर इनला का न्हाई?" मावशी चालता चालता म्हणत, "इनते की. आदी तुज्या मापाचा इनते, तूबी लई वळवळ करून राहिला."

एकदा विहारात एका वडीलधाऱ्यांनी गंभीरपणे विषय काढला. कोष उकळतात, त्यात जीव मरतो, आपल्या माणसानं हे करावं का? प्रश्न काही उगाच काढलेला नव्हता. मावशींनी पदर नीट केला.

"दादा, तुमी तुरीवर फवारा मारता तवा शील घरी ठिवून जाता का संगं नेता?"

त्यानंतर विहारात हा विषय निघाला नाही. पण त्या रात्री, म्हणजे जेवणाच्या सुमारास, मावशी मला म्हणाल्या, "त्यायचं बोलनं बराबर हाय, सर. मला बी वाटतं. पन मी काय खाऊ?" उत्तर हवं असलेला प्रश्न त्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकला होता.

मावशी चुकत नसत असं नाही. हीटर लावला त्या पहिल्याच दिवशी त्यांनी केलेली चूक सांगतो. कुठलंही नवं काम सुरू करताना त्यांच्या घरी बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती आणि अगरबत्ती लावतात. मावशींनी तसबीर खोलीतच मांडली, पाच अगरबत्त्या लावल्या, हात जोडून वंदना म्हटली. ऊब जाऊ नये म्हणून दार-खिडक्या बंद, फटींना पोती लावलेली. धूर आतच कोंडला. वंदना संपवून डोळे उघडतात तर वरच्या मजल्यावरच्या अळ्या माना टाकायला लागलेल्या. रेशमाच्या अळीला धूर म्हणजे विषच. मावशींनी धाडकन सगळी दारं उघडली, अगरबत्त्या बादलीत बुडवल्या आणि तसबीर उचलून बाहेरच्या भिंतीवर नेऊन लावली. मी म्हटलं, "मावशी, तसबीर बाहेर चालेल का?"

"न चालाया काय झालं? देव न्हाई तो, मानूस हाय. त्याला कळतंय."

त्या दिवशी एक अख्खा मजला गेला. मेलेल्या अळ्या त्यांनी सुपात गोळा केल्या आणि कितीतरी वेळ ते सूप मांडीवर घेऊन बसल्या. मग उठून दारात एक पाटी लावली. पाटी कसली, फळाच म्हणायचा, कारण माझ्याकडून खडूनं लिहून घेतलेली ती मोडक्या फळीची पाटी चांगली हातभर होती. धूर बंद, चप्पल बंद, हात धुतल्याबिगर आत येणं बंद, तंबाखू मळणाऱ्यांना साफ बंद. तंबाखूचा हात पानाला लागला तरी अळी मरते. शेवटच्या कलमामुळे गावातले निम्मे पुरुष आपोआप बाद झाले. "ब्येस झालं," मावशी म्हणाल्या.

हीटरनं हवा कोरडी होऊन पानं सुकायला लागली, तेव्हा त्यांनी दोरीवर ओली पोती टांगली. वायर तापायला लागली, तेव्हा वायरमनला बोलावून जाड वायर टाकून घेतली. खोली हळूहळू अशी झाली की आत पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरायची. आणि शांत उभं राहिलं तर हजारो अळ्यांचा पानं खाण्याचा आवाज यायचा, पलीकडच्या खोलीत कुणी वर्तमानपत्र चुरगाळत बसल्यासारखा. मी कितीदा तरी तो ऐकायला म्हणून जायचो. खरं सांगायचं तर ऊब घ्यायलाही.

खोलीवर डोळा होता तो मावशींच्या धाकट्या दिराचा. मोठा कर्ता माणूस. गावात वजन, शाळेच्या समितीवर सदस्य, म्हणजे माझ्याही डोक्यावर. त्यांचं सोयाबीन भाव येईपर्यंत ठेवायला जागा पुरत नव्हती. "वैनीला एकटीला एवढी खोली काहून लागते?" असं ते आधी इतरांना म्हणत, मग मावशींनाच म्हणाले. खोली वाडवडिलांची, दोघा भावांच्या सामाईक घरातली. शेवटी त्यांनी सांगून टाकलं, बाजारच्या दिवशी पोती येतील, तोवर अळ्या काढा.

तो जानेवारी होता आणि थंडीची लाट आलेली. अळ्यांची शेवटची कात टाकून झालेली, आता आठवडाभर त्या राक्षसासारखं खाणार आणि मग कोष विणणार. त्या आठवड्यात खोली गेली असती तर मावशींचं पहिलंच पीक गेलं असतं. पुढच्या वर्षी तुती उपटावी लागली असती आणि मावशींना भावाच्या दारात जाऊन राहावं लागलं असतं. हे त्यांनाही कळत होतं आणि दिरालाही.

बाजारच्या दिवशी पोती आली. मावशींनी खोली सोडली नाही, तेव्हा दिरानं ती खोलीच्या दारातच थप्पी लावून ठेवली. मावशी आडव्या होऊन थप्पीच्या बाजूनं ये-जा करू लागल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी दिरानं खोलीच्या लाइनचा फ्यूज काढून खिशात घातला.

मी शाळेला निघायच्या तयारीत होतो. मावशी आल्या, हातात ती जाड वायर.

"सर, तुमच्या खोलीचं मीटर येगळं हाय ना?"

मला पुढचं सगळं दिसलं. समिती, तक्रार, चौकशी, बदली. मी बोलायला सुरुवात केली. मी सरकारी नोकर आहे, हे तुमचं घरगुती भांडण आहे, माझी अडचण समजून घ्या.

"मंग?"

वायर खिडकीतून आत आली. मी स्वतःच्या हातानं पिन लावली.

त्यानंतरचे पाच दिवस खोली एक क्षणही रिकामी राहिली नाही. मावशींचं अंथरूण उंबऱ्याच्या आत पडलं. त्या तुतीचा पाला कापायला गेल्या की शाळेआधी मी दारात बसायचो. दुपारी कोण बसणार हा प्रश्न होता. पहिल्या दुपारी मावशींची जाऊ, म्हणजे खुद्द त्या दिराची बायको, डोक्यावर पाल्याचा भारा घेऊन आली. नवऱ्यासमोरून आली, भारा खाली ठेवला, हात धुतले आणि दारात बसून शेंगा निवडायला लागली. दिरानं विचारलं, "तू हितं काहून?" ती म्हणाली, "हितं गरम हाय." दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या आणखी दोघी आल्या. हसणाऱ्या गावानं मग हसायचं हळूहळू सोडलं.

मावशी जाऊन आता दोन वर्षं होतील. माझी तोवर सेनगावकडे बदली झाली होती. निरोप मिळून, दोन जीपा बदलून पोचलो तर सगळं आटोपलं होतं. लोक मला त्यांच्याबद्दल सांगत होते आणि मला मात्र त्या पाचव्या दिवसाच्याच मावशी दिसत होत्या. त्या दिवसाबद्दल मी तिथं कुणाला काही सांगितलं नाही. आज सांगतो.

आदल्या दिवशी अळ्या पिकल्या होत्या. पिवळसर, पारदर्शक झालेल्या अळ्या आम्ही सगळ्यांनी मिळून विणायच्या जाळ्यांवर सोडल्या होत्या. सकाळी दीर आले. अंगात स्वेटर, कानाला मफलर.

"वैनी, झालं ना तुमचं? अळ्या काई आता खात न्हाईत. खोली खाली करा."

"आत या, भाऊजी."

त्यांनी तोंडातला तंबाखू थुंकला. मावशींनी बोटानं बादली दाखवली. एवढा मोठा माणूस, पण मुकाट्यानं चूळ भरून, साबणानं हात धुऊन आत आला. जाळ्यांवर पांढरे कोष लगडले होते. काही अळ्या अजून मान हलवत विणत होत्या आणि पातळ कोषाच्या आत त्यांची पुसट सावली हलताना दिसत होती. दीर बघत राहिले. बघता बघता त्यांनी कानावरचा मफलर काढला.

"लई गरम हाय की हितं."

"व्हय," मावशी म्हणाल्या. "ह्याच खोलीत तुमचे दादा तीन म्हैने पडून व्हते, भाऊजी. असीच थंडी व्हती. डाक्टर म्हनला, खोली गरम ठिवा, धूर नको. मी तुमाला म्हनलं, हिंगोलीवून एक हीटर आना. तुमी काय म्हनलात?"

दीर हातातल्या मफलरची घडी घालत राहिले.

"तुमी म्हनलात, लाइटीवर लोड येतो, शेगडी पेटवा. म्या पेटवली. माज्या हातानं पेटवली. धुरानं त्यायचा दम उठायचा. दार उघडलं की थंडी वाजायची. दार लावू का उघडू, ह्यातच गेले ते." त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "आता ह्या खोलीत थंडीनं कोनी मरनार न्हाई. अळी बी न्हाई. म्या खोली देनार न्हाई. कोनाला सांगायचं त्याला सांगा."

चार वर्षं ही बाई हे पोटात घेऊन गावाला हसत उत्तरं देत होती, हे मला तेव्हा कळलं.

"वैनी, मला तवा..." दीर म्हणाले आणि थांबले. ते बाहेर गेले. थप्पीपाशी आले. मग वाकून त्यांनी एक पोतं पाठीवर घेतलं आणि गोठ्याकडे नेलं. परत आले, दुसरं घेतलं. ते काही हमाली करणारे नव्हते, पावलं वाकडीतिकडी पडत होती. मी मदतीला उठलो तर मावशींनी माझा हात धरला.

"उचलू द्या त्यायला."

तिसरं पोतं पाठीवर चढवून ते वळले. दार सताड उघडं होतं आणि बाहेरचा गारठा थेट जाळ्यांवर येत होता.

"भाऊजी," मावशींनी आतून हाक दिली, "दार वढून घ्या. ऊब जाऊन राहिली."

त्यांनी पोतं खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी, आवाज होऊ न देता, दार ओढून घेतलं.