डाव्या खणातल्या पटाश्या

शेवटच्या भेटीत कुंदावहिनीनं माझ्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही. दुकानाच्या काउंटरमागे बुटक्या स्टुलावर बसून ती धारेच्या दगडावर सुतारकामाची पटाशी घासत होती. "बसा ताई, पाचच मिनिटं," एवढं म्हणाली आणि पुन्हा मान खाली. मी वर्ध्याहून कारंज्यापर्यंत एसटीत उभी आलेली बाई. त्या पाच मिनिटांचा पाऊण तास झाल्यावर मी स्वतःच आत जाऊन चहा टाकला. मनात म्हटलं, पुढच्या खेपेला हिला चांगली ऐकवते. पंधरवड्याच्या आत दादाचा फोन आला. कुंदा सकाळी उठलीच नाही, एवढं कसंबसं बोलला. पुढचं शेजाऱ्यांनी फोन हातात घेऊन सांगितलं.

तेव्हापासून माझं एका जागी बूड टेकत नाही. भाजी निवडायला बसते, उठते. टीव्ही लावते, बंद करते. लिहायला बसले तर हेही दोनदा फाडून झालं. वहिनीचा स्वभाव मला लागला की काय कोण जाणे. तिला मुळात बसणं ठाऊक नव्हतं. समुद्रपूरकडच्या शेतकरी घरातली मुलगी, लग्न होऊन आली आमच्या हार्डवेअरच्या दुकानात. दोन खोल्यांचं घर आवरून झालं की उरलेल्या दिवसाचं काय करायचं हे तिला कळेना, म्हणून दुकानात येऊन खिळे वेगळे करू लागली. दादाला वाटलं, चार दिवसांचं नाटक आहे. मलाही तसंच वाटलं. नणंदेला जे वाटायला हवं ते मला नेहमी वेळेवर वाटत आलंय.

एका वर्षी पोळ्याच्या तोंडावर तिनं शेजारच्या वखारीतून सागाचा तुकडा आणला आणि दुकानातली कोरी पटाशी घेऊन त्याचा नंदी कोरायला बसली. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लहान पोरं लाकडी नंदी सजवून दारोदार नेतात. तिचा पहिला नंदी दिसायला बराचसा डुकरासारखा होता, हे मी तिला तोंडावर सांगितलं होतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, पटाशीला धारच नाही. मग त्या पटाशीला धार लावली. मग दुसरीला. नव्या हत्याराला कारखान्यातून येते ती धार नावापुरतीच असते, हे तिला त्या नंदीनं शिकवलं. पुढे तिचा शिरस्ताच पडला. आलेल्या मालातली एकेक पटाशी घ्यायची, दगडावर घासायची आणि हातातल्या नंदीच्या वशिंडावर चालवून पाहायची. ते गोलवट वळण लाकूड न फाटता निघालं की पटाशी पास. नाही निघालं की पुन्हा दगड. पास झालेलीला खोबरेल तेलाचा हात फिरवून, वर्तमानपत्रात गुंडाळून काउंटरच्या डाव्या खणात ठेवायची. तो खण गिऱ्हाइकासाठी. स्वतःसाठी तिनं एकही हत्यार कधी ठेवलं नाही. हाताला बसलेली पटाशी विकायची आणि पुढची कोरी घ्यायची, असंच सगळं आयुष्य.

दादाचा सुरुवातीला संताप व्हायचा. वापरलेली वस्तू कोरी म्हणून कोणी विकते का, यावरून एकदा माझ्यादेखत चांगलं वाजलं. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी कोरी म्हणून कुठं देल्ली? कामाची म्हणून देल्ली." पुढे आष्टीपासूनचे सुतार डाव्या खणातलीच मागू लागले, तेव्हा दादानं वाद सोडला. कौतुक मात्र त्यानं शेवटपर्यंत केलं नाही. आमच्या घराण्यात ती पद्धत नाही.

तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी दादानं दुकान उघडलं. मी राहिले होते. तो शिडीवर चढायचा, डबे खाली काढायचा, पुसून परत वर ठेवायचा. गिऱ्हाईक आलं की मागेल ते, न पाहता, देऊन टाकायचा. डाव्या खणात तेव्हा थोड्या पुड्या उरल्या होत्या. पहिली गेली तेव्हा मी दारापर्यंत जाऊन नेणाऱ्याकडे पाहिलं. दुसरी गेली तेव्हा मी भांडलेच. म्हटलं, दादा, या घरी नेऊन ठेव, तिच्या हातच्या आता पुन्हा होणार नाहीत. तो शिडीवरूनच म्हणाला, "घरी नेऊन काय करू? हळदकुंकू वाहू?" मला त्याचा राग आला, अजूनही येतो. मी दिवसभर स्टुलावर बसून गिऱ्हाइकांच्या हातांकडे पाहू लागले. कोणी आत आलं की वाटे, नळाची तोटी मागू दे, रंग मागू दे, काहीही मागू दे. शेवटची पुडी उरली तेव्हा मी ती गुपचूप माझ्या पिशवीत, साडीच्या घडीत सारली. एक तरी माझ्याकडे राहील, एवढाच हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी देवरावजी आले. आष्टीकडचे म्हातारे सुतार, वहिनीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. दारातच चप्पल काढून आत आले. मग दादाला म्हणाले, बाईच्या हातची एखादी असन त द्या. दादानं खण ओढला. रिकामा होता. त्यानं आत हात घालून पार कोपऱ्यापर्यंत चाचपलं आणि तेव्हा पहिल्यांदा त्याचा चेहरा उतरलेला मला दिसला. "संपल्या देवरावजी," तो म्हणाला. देवरावजींनी कोरी पटाशी मागितली, अंगठा फिरवून पाहिली आणि काउंटरवर ठेवली. "धार मलेबी लावता येते," ते म्हणाले. "पण बाईनं लावली का लाकूड आयकते." तक्रार नव्हती त्यात. ते कोरीच न्यायला तयार होते.

मला काय झालं सांगता येत नाही. साडीत गुंडाळून ठेवली तर ती पटाशी माझ्या कपाटात गंजणार होती. वर्षातून एकदा मी ती काढून रडणार होते, बस्स. आणि वहिनीनं अशी पडून राहिलेली वस्तू एक दिवस सहन केली नसती. मी आत गेले, पिशवी उपसली, पुडी आणून देवरावजींच्या हातात दिली. दादानं रिकामा खण ढकलून बंद केला. मी रडत होते आणि त्याच्यावर चिडलेही होते, दोन्ही एकदमच.

दुपारी तो शिडीवर चढला नाही. नव्या पटाश्यांचं खोकं फोडून बुटक्या स्टुलावर बसला, दगडावर तेल टाकलं आणि घासू लागला. पन्नाशी उलटलेला माणूस, इतकी वर्षं हत्यारं विकली, पण घासताना मनगट कसं धरायचं ते ठाऊक नाही. मी विचारलं, "हे काऊन करून राह्यला तू?" वर न बघता म्हणाला, "उद्या कोणी मागन त काय सांगू?" वहिनीचा अर्धवट राहिलेला नंदी तिथंच होता. त्याच्या वशिंडावर त्यानं पटाशी चालवली आणि लाकडाचा एक तुकडाच उडाला.

तान्ह्या पोळ्यानंतर मी पुन्हा जाऊन आले. त्या नंदीच्या पाठीवर वशिंड उरलंच नव्हतं, पार सपाट. मी काही बोलायच्या आत दादा म्हणाला, "म्हैस झाली ना त्याची." आणि हसला... ती गेल्यापासून पहिल्यांदा. त्याची पहिली पटाशी देवरावजींनी परत आणून दिली होती, अजून घासा म्हणून. वखारीतून सागाचा दुसरा तुकडाही आणून ठेवलेला दिसला.

दर रविवारी मी त्याला फोन करते. पूर्वी त्याच्या बोलण्यामागून दगडावर घासल्याचा आवाज यायचा आणि तो मध्येच तिच्यावर खेकसायचा, की जरा थांब, काही ऐकू येत नाही. आता फोन खांद्याशी दाबून तो स्वतःच घासत असतो. दम लागतो, वाक्य अर्धं राहतं, काय विचारलं ते विसरतो. मला त्याचं निम्मं बोलणं ऐकू येत नाही. पण थांब, असं मी म्हणत नाही.