सील न तोडलेला फोन

बापूजी बोढे मारेगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये अठ्ठावीस वर्षं वजनकाट्यावर बसले. त्यांच्या पावतीवर कधी कोणी वाद घातला नाही. घरात साधा पंखा घ्यायचा झाला तरी चार दुकानं पालथी घालून, कागद वाचून घेणार. म्हणून थोरल्या रजतला आखातात गाडी चालवायचं काम लागलं, तेव्हा फोन घ्यायला तेच यवतमाळला गेले. एजंटाच्या गोड बोलण्यावर त्यांचा फारसा भरवसा नव्हता. तिथं काही वेगळंच निघालं तर पोराला त्याच दिवशी घरी कळवता यावं, एवढ्यासाठीच हा फोन होता.

दुकानदार किसनराव ओळखीचे होते.

"तिकडचं सिम चालन ना?" बापूजींनी विचारलं.

"चालन. अनलॉक हाये. बिघडला तर बिल दाखवून तिकडच्या सेंटरवर फुकटात दुरुस्त होते. पण भाऊ, सील इथंच तोडा. आपल्याकडचं सिम टाकून पाच मिनिटं कोणाशी बोला. त्याबिगर हा बाहेरचं सिम घेत नाही. हे पाहा, डब्यावर लिहिलं हाये."

बापूजींनी चष्मा लावून ते बारीक अक्षर वाचलं. मग डबा पिशवीत घातला. "घरी जाऊन तोडतो," ते म्हणाले.

घरी शकुबाईंनी डब्याला हातच लावू दिला नाही. पितृपक्ष चालू होता. रजतची फ्लाइट नवमीची, घटस्थापना त्यानंतर सात दिवसांनी.

"पितरायच्या दिवसात नवी वस्तू काढतात का? जाणं आपल्या हातात नाही, तिकीट एजंटाचं हाये. फोन तर आपल्या हातात हाये ना?"

"आई, पाच मिनिटाचं काम हाये वं," रजत म्हणाला.

"पाच मिनिटासाठी कायले अपशकुन करतं लेका?"

दोघांनी बापूजींकडे पाहिलं. डब्यावरची ओळ त्यांच्या डोळ्यांसमोर होती. पण पोरगा निघायच्या तोंडावर घरात रडारड त्यांना नको होती. शिवाय वॉरंटीचं वर्ष सील तोडल्यावर सुरू होतं, आताच तोडलं तर तेवढे दिवस फुकट जातील, असंही त्यांच्या मनात आलं.

"राहू दे. घटस्थापनेले तिकडं उघडजो," ते म्हणाले. "आपल्याकडचं एखादं सिम भेटनच कोणापाशी."

रजतने आपला जुना फोन सिमसकट आईला दिला, बँकेचा नंबर त्याच्यावर होता म्हणून. नवा डबा कपड्यांच्या घडीत ठेवून तो गेला.

घटस्थापनेच्या सकाळी खोलीतल्या सोबत्याच्या फोनवरून त्याचा फोन आला. बापूजी एकटेच ओट्यावर होते.

"बाबा, हा सिम घेऊनच नाही राह्यला. आपल्याकडचं सिम इथं कोणापाशीच नाही. अन् उद्या मले दुसरीकडं नेऊन राह्यले. बकऱ्यायच्या वाड्यावर. गाडीचं काम नाही म्हणते."

"कुठं? कोणत्या गावाले?"

"सांगत नाही. पासपोर्ट त्याईनंच ठेवला."

पुढे त्या सोबत्याचा नंबरही लागेना. दुसऱ्या दिवशी बापूजी पहिल्या एसटीने यवतमाळला गेले.

"भाऊ, मी सांगितलं होतं ना?" किसनरावांचा आवाज चढला नाही. "अजून बी काही बिघडलं नाही. तिथल्या सेंटरवर नेला तर दहा मिनिटात लॉक खोलून देतीन. वॉरंटी तर आता कुठं सुरू झाली."

"हे त्याले सांगू कसा?"



घरी शकुबाई दारातच उभ्या होत्या. "काय म्हणे दुकानवाला?"

"माल खराब निघाला."

"तुमी स्वस्तातला पाहिला असन."

"हो," बापूजी म्हणाले.

तेव्हापासून घरी कोणीही आलं की शकुबाई तेच सांगत. पैशापायी बापानं पोराले तोडलं. बापूजी मान खाली घालून ऐकत. रजतला शोधून परत आणावं म्हणून बापूजींनी केलेला अर्ज यवतमाळच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून दोनदा परत आला. कामाच्या ठिकाणाचा पत्ता लिहा, मगच पुढे पाठवता येईल, असं साहेबांनी सांगितलं.

माघात एका दुपारी जुना फोन वाजला. शकुबाईंनी घाईत स्पीकर लावला.

"आई, रजत बोलून राह्यलो. पाण्याच्या टँकरवाल्याचा फोन हाये. तो निघाला, दोनच मिनिटं देते. कशी हायेस?"

शकुबाईंना हुंदका आला. "तुह्या बापानं असा कसा फोन घेतला रे!"

"फोन चांगला हाये वं आई. त्या दिवशी सील तोडलं असतं अन् पाच मिनिटं..."

"जागेचं नाव सांग!" बापूजी ओरडले. "ते जाऊ दे, जागेचं नाव सांग आधी!"

"बाबा, मी तेच आईले सांगतो, की फोनले काही..."

"नाव सांग म्हणतो ना!"

मागून कोणीतरी परक्या भाषेत खेकसलं. "सडक दिसत नाही बाबा, पाण्याची..." इथे आवाज तुटला. उलट फोन लावला, तर फोन बंद.

शकुबाईंनी फोन खाली ठेवला. "चार महिन्यानं लेकराचा आवाज आला. अन् तुमी त्याच्यावर ओरडले."

बापूजींनी टँकरवाल्याचा नंबर कागदावर उतरवला, एकेक आकडा पुन्हा तपासला. मग नव्या अर्जात पत्त्याच्या जागी तोच नंबर लिहिला.

"काहून ओरडले?" शकुबाईंनी पुन्हा विचारलं.

"पत्ता पाहिजे होता," बापूजी म्हणाले. अर्ज पिशवीत घालून ते एसटी स्टँडकडे निघाले.